ब्लॉकसंबंधी तातडीने माहिती हवी आहे

श्रुतिकाला चार पानं हवी होती, आणि ती तिने तासाभरात लिहून टाकली असती. नववीतली मुलगी, हातात मोबाईल, आणि शाळेने दिलेलं कामही सोपं. रोजच्या वापरातला एक इंग्रजी शब्द घ्या, तो मुळात आला कुठून ते शोधा, त्याचे जास्तीत जास्त अर्थ लिहा, शुक्रवारी आणून द्या. तिची चूक एवढीच झाली, की मंगळवारी संध्याकाळी चहाच्या वेळी तिने हे मोठ्याने वाचलं, आणि तेव्हा समोर तिचे बाबा बसले होते.

सुयोग घाडीगावकर हा माणूस तसा निरुपद्रवी. सांताक्रूझला विमानतळाच्या कार्गोत मालाचे कागद तपासतो, वाकोल्यात चौथ्या मजल्यावर राहतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण मागच्या महिन्यात शाळेच्या ओपन हाउसला मृणालिनी मिस त्याच्याशी इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलल्या, आणि त्यावर त्याने अतिशय अदबीने हसून 'सेम टू यू' म्हटलं. घरी येईपर्यंत श्रुतिका रिक्षात एक शब्द बोलली नाही. मिस नक्की काय म्हणाल्या होत्या ते त्याला रात्री अक्षताने, म्हणजे बायकोने, सांगितलं. मिस म्हणाल्या होत्या, "तुमच्या मुलीचं हल्ली वर्गात अजिबात लक्ष नसतं."

ती जखम अजून ओली होती.

"कुठला शब्द घेतेयस?" त्याने विचारलं.

"बघते. काहीतरी घेईन."

"काहीतरी नाही. 'ब्लॉक' घे."

"ब्लॉक? का?"

"कारण तो आपल्या घरातला शब्द आहे. आमचे अप्पा गिरणीत होते. इंग्रजी त्यांना सही करण्यापुरतंसुद्धा येत नव्हतं. पण रोज जेवताना एक वाक्य ठरलेलं, 'एक दिवस ब्लॉक घ्यायचा.' आता सांग, ब्लॉक म्हणजे काय?"

श्रुतिका उत्तर द्यायच्या आत पलंगावर लसूण सोलत बसलेली जानकी, सुयोगची आई, बोलली. "ता माका विचार. ज्येच्यात संडास घरात असता, तो ब्लॉक. भायर असता ती खोली."

सुयोगने वही ओढली आणि 'अर्थ क्रमांक एक' म्हणून हे लिहून घेतलं. एवढी नेमकी व्याख्या कुठल्याही डिक्शनरीवाल्याला जमली नसती, असं त्याचं प्रामाणिक मत पडलं.

मग श्रुतिकाने मोबाईलवर शब्दाचं मूळ काढलं. "मुळात डच लोकांचा दिसतो. तिथून फ्रेंचमध्ये गेला, मग इंग्रजीत. मूळ अर्थ झाडाचा बुंधा. ओंडका."

"ओंडका?"

"हो. ओंडका आडवा पडला की वाट बंद, म्हणून ब्लॉक म्हणजे अडथळा. आणि बाबा, 'ब्लॉकहेड' म्हणजे ज्याचं डोकं ओंडक्यासारखं असतं तो." हे सांगताना तिने बाबांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण सुयोगचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. ही चमक अक्षताने लग्नानंतरच्या अठरा वर्षांत तीनदा पाहिली होती, आणि तिन्ही वेळा घरात प्लंबर बोलवावा लागला होता.

"बाकीची पोरं काय नेतील? कागद," सुयोग म्हणाला. "आपण ओंडका न्यायचा. खरा. वर लेबल लावायचं, 'हाच तो ब्लॉक'. मिसनी बघत राहिलं पाहिजे."

"बाबा, मला फक्त चार पानं हवीयेत."

"पानं तू लिही. मूळ मी आणतो."

बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी अक्षता पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला गेली, श्रुतिका शाळेत गेली, आणि सुयोग वही घेऊन खाली उतरला. खाली त्याला सोसायटीचे सेक्रेटरी चैतन्य तायडे भेटले. सोसायटीचा सेक्रेटरी माणसाला टाळता येत नाही, तो भेटतोच.

"ब्लॉकचे अर्थ?" तायडे म्हणाले. "अहो, गेटसमोर बघा ना! पेव्हर ब्लॉक. किती फुटलेत मोजा आणि लिहा मुलीच्या प्रोजेक्टमध्ये, फोटोसकट. आणि एक सांगू का? हा शब्दच चुकीचा घेतलात. 'सेट' घ्यायचा. सेटला शेकड्याने अर्थ आहेत."

वॉचमन म्हणाला, रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक लिहा. इस्त्रीवाल्याचं म्हणणं पडलं की साडीवर छापतात तोसुद्धा ब्लॉकच. पहिल्या मजल्यावरच्या, छापखान्यातून निवृत्त झालेल्या कंपोझिटरांनी सुयोगला अर्धा तास उभं करून, पूर्वी लग्नपत्रिकेवर गणपती छापायला जस्ताचा ब्लॉक कसा करत असत ते सांगितलं, आणि वर म्हणाले, "पण हे सगळं आता कुणाला हवंय?" ज्याला हवं होतं तो समोर वही घेऊन उभा होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. एक-दोन अर्थ सुयोगचे स्वतःचे होते. साडेदहापर्यंत सात अर्थ जमले.

आता खरं तर माणसाने थांबावं. पण सातावर थांबणारा माणूस आठवा अर्थ कुठेतरी वाट बघत असेल या विचाराने झोपू शकत नाही. सुयोगने 'घाडीगावकर परिवार' या ग्रुपवर मेसेज टाकला. ग्रुपवर कणकवलीपासून नालासोपाऱ्यापर्यंतचे पंचवीस नातेवाईक होते. मेसेज कसा असावा, मोजका आणि मुद्देसूद, याबद्दल कार्गोतल्या नोकरीने त्याला शिस्त लावली होती. त्याने लिहिलं:

"सर्वांना नमस्कार. ब्लॉकसंबंधी तातडीने माहिती हवी आहे. ज्यांना अनुभव असेल त्यांनी सविस्तर कळवावे. शुक्रवारपर्यंतच वेळ आहे. सुयोग."

शाळेचा, शब्दाचा, श्रुतिकाचा उल्लेख त्यात नव्हता. त्याच्या डोक्यात कालपासून दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे जगाच्याही डोक्यात तेच असणार असं त्याने धरलं. मोबाईल खिशात टाकून तो ओंडका शोधायला निघाला.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. मिरवणुकीच्या वाटेवरच्या फांद्या छाटून मागच्या गल्लीत भिंतीलगत रचून ठेवल्या होत्या. सुयोगला हातात मावेल असा, दिसायला देखणा ओंडका हवा होता. पण तसे देखणे आधीच कुणीतरी नेले होते. उरला होता तो पर्जन्यवृक्षाचा, चार फूट लांब आणि मांडीएवढा जाड. रिक्षावाला आधी तयार होईना. "भाईसाब, ये सवारी है या सामान?" पण सुयोगने त्याला डच लोकांपासून सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते ऐकण्यापेक्षा ओंडका उचललेला बरा, असं त्याला वाटलं असावं. दोघांनी मिळून तो आत घातला. सुयोग मागे त्याला मिठी मारून बसला.

वाटेत ग्रुपवर कणकवलीच्या आत्याचा मेसेज आला, 'अरे बापरे. किती आहेत?'

आत्याने एवढी आस्था दाखवावी याचं त्याला बरं वाटलं. त्याने लगेच लिहिलं, 'आतापर्यंत सात सापडले. संध्याकाळपर्यंत दहा व्हावेत.'

त्यावर आत्याने हात जोडलेली नऊ चित्रं पाठवली. नालासोपाऱ्याच्या मामांनी विचारलं, 'बायपास करणार का?' सुयोगने मनाशी म्हटलं, वा! रस्ता ब्लॉक असला की बायपास. शब्दाच्या विरुद्धार्थाकडे आपलं लक्षच गेलं नव्हतं. रिक्षात, ओंडक्यावर वही टेकवून, त्याने तेही लिहून घेतलं.

त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी, जाळीच्या सरकत्या दरवाजाची. वॉचमनच्या मदतीने ओंडका आत उभा केला, सुयोग त्याच्या शेजारी उभा राहिला, दार लावलं, चौथ्याचं बटण दाबलं. लिफ्टने नेहमीप्रमाणे एक आचका दिला. त्या आचक्यासरशी ओंडका कलला, त्याचं टोक जाळीचं दार सरकवून बाहेर गेलं, आणि तळमजला आणि पहिला मजला यांच्या मधोमध लिफ्ट थांबली. सुयोगने बटण दाबलं, काही झालं नाही. सगळी बटणं दाबली, तरी काही झालं नाही. जाळीतून त्याला तायड्यांचं डोकं दिसलं.

"लिफ्ट ब्लॉक केलीत, घाडीगावकर!" तायडे ओरडले.

"आठवा अर्थ!" सुयोग आतून ओरडला. तो खरोखरच आनंदाने ओरडला होता, पण खाली जमलेल्या माणसांना ते आवडलं नाही. त्यातल्या तिघांना वर जायचं होतं आणि एकाच्या हातात गॅसचा सिलिंडर होता.

पुढचा तासभर सुयोग अधांतरी उभा होता आणि खालून सल्ले येत होते. उड्या मारा. अजिबात हलू नका. ओंडका बाहेर ढकला. ओंडका आत ओढा. लाईट घालवा आणि परत लावा. एका बाईंनी, आतमध्ये शांत बसून नामस्मरण करा, असंही सुचवलं. "अहो, तुम्ही या आत, मी बाहेर बसून करतो!" सुयोग भडकून म्हणाला. शेवटी तायड्यांनी मागच्या गल्लीतून चंद्रप्रकाश मिस्त्रीला बोलावलं. चंद्रप्रकाश फर्निचरवाला, हाताने धीमा आणि बोलायला त्याहून धीमा. त्याने सगळीकडून पाहिलं आणि निकाल दिला, "काटना पड़ेगा."

एवढ्यात ग्रुपवर आत्याचा मेसेज आला, 'कुठे आहेस? फोन का लागत नाही?'

लिफ्टमध्ये रेंज जेमतेम होती आणि बॅटरी दोन टक्के. सुयोगने घाईघाईने लिहिलं, 'आत आहे. तासभर झाला. चंद्रप्रकाश म्हणून आहेत, ते म्हणतात कापावंच लागेल. आता सुरू करतायत.' मेसेज गेला आणि फोन बंद पडला.

बाहेर आलेलं टोक कापल्यावर लिफ्ट मोकळी झाली आणि सुयोग घामाने निथळत खाली उतरला. लिफ्ट मात्र काही केल्या वर जाईना. तायड्यांनी तिच्यावर 'बंद' अशी पाटी लावली आणि सुयोगकडे न बघता निघून गेले. ओंडक्याचं कापलेलं तोंड वेडंवाकडं झालं होतं. "अब काट ही दिया है, तो ढंग से काट देता हूँ," चंद्रप्रकाश म्हणाला. त्याला सावली हवी होती. कंपाउंडमध्ये सावली एकाच ठिकाणी होती, बदामाच्या झाडाखाली. तिथे बसून त्याने ओंडक्याची दोन्ही तोंडं नीट केली, आणि झाडाखाली भुशाचा छान पिवळा ढीग पडला.

दुसऱ्या मजल्यावरच्या लताकाकी भाजी घेऊन आल्या त्या नेमक्या तेव्हाच.

लताकाकींविषयी एवढं सांगितलं की पुरे, की त्या बदामाला दर रक्षाबंधनाला राखी बांधतात. आणि मागच्या महिन्यातल्या जनरल मीटिंगमध्ये, बदामाच्या फांदीवरून कावळे थेट स्वयंपाकघरात येतात तेव्हा ती फांदी छाटावी, असा ठराव एकाच माणसाने मांडला होता. तो माणूस आता भुशात उभा होता. शेजारी करवत होती आणि मधोमध ओंडका.

"केलंतच का शेवटी?" लताकाकींनी भाजीची पिशवी तिथेच टाकून विचारलं.

"काकी, हा बदाम नाही. बदाम हा बघा, वर उभा आहे. जसाच्या तसा."

"फांदी कुठली?"

"फांदी नाहीच तोडली! हा पर्जन्यवृक्ष आहे. डच लोक..."

डच लोकांपर्यंत काकी थांबल्या नाहीत. त्यांनी चार फोटो काढले आणि झाडांच्या तक्रारीसाठी जो नंबर असतो त्यावर पाठवून दिले. तायड्यांचा पेव्हर ब्लॉकचा अर्ज कितीतरी दिवस वॉर्ड ऑफिसच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता. काकींच्या फोटोंवर मात्र दोन तासांत उद्यान खात्याचे साहेब आले. सोबत एक रजिस्टर आणि कार्बन पेपर होता.

"झाडाची जात?" साहेबांनी विचारलं.

"पर्जन्यवृक्ष."

"हे तर बदामाचं दिसतंय."

"झाड बदामाचंच आहे. ओंडका पर्जन्यवृक्षाचा आहे."

"बदामाच्या झाडाला पर्जन्यवृक्षाचा ओंडका कसा?"

सुयोगने डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने झाडाभोवती फेरी मारली, वर पाहिलं, भुसा चिमटीत घेऊन हुंगला, आणि मान्य केलं की बदामाला धक्का लागलेला नाही. लताकाकींनी त्यावर पदराने डोळे टिपायला सुरुवात केली. आता ते आनंदाश्रू होते, पण दिसायला सारखेच.

"पण म्हणजे," साहेब म्हणाले, "तुम्ही रस्त्यावरचा ओंडका विनापरवाना उचललात."

"टाकून दिला होता हो."

"रचून ठेवला होता. टाकून देणं वेगळं. पंचनामा करावा लागेल. उचलण्याचं कारण?"

"ब्लॉक या शब्दाचं मूळ."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. फॉर्म सुयोगसमोर धरला. त्यात कारणं छापलेली होती. झाड धोकादायक, झाडाला कीड, बांधकामास अडथळा, इतर. "शब्दाचं मूळ असं यात नाहीये," ते म्हणाले. "झाडाचं मूळसुद्धा नाहीये."

"अडथळा लिहा ना," तायडे मदतीला धावले. "ब्लॉक म्हणजे अडथळाच."

"बांधकाम कुठाय?"

यावर कंपाउंडमध्ये जमलेल्या पंधरा-वीस जणांत दोन तट पडले. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सुयोगला आधार कार्ड आणायला सांगितलं. लिफ्ट बंद, चौथा मजला. सुयोग जिना चढायला लागला.

तो वर असताना गेटशी एक रिक्षा थांबली आणि त्यातून राजेश उतरला.

राजेश म्हणजे सुयोगचा थोरला भाऊ. मुलुंडला राहतो. दोन वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सांगायलासुद्धा लाज वाटावी असं होतं. अप्पांच्या पुण्यतिथीला राजेशने ग्रुपवर अप्पांचा फोटो, फुलं आणि खाली 'हॅपी डेथ ॲनिव्हर्सरी' असं टाकलं. सुयोगने त्याखाली लिहिलं, 'दादा, हॅपी नसतं लिहायचं. अप्पा वारले, पास नाही झाले.' सोबत हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. तेवीस नातेवाईक हसले. राजेशने त्याच मिनिटाला सुयोगला ब्लॉक केलं. पण ग्रुप दोघांनीही सोडला नव्हता, आणि ग्रुपवरचं दिसतंच. सात ब्लॉक दिसले. संध्याकाळपर्यंत दहा होणार तेही दिसलं. आत घेतलंय, कापायला सुरुवात केलीय, हे दिसलं आणि नंतर फोन बंद. राजेश दुकान तसंच टाकून निघाला. वाटेत त्याने आईला फोन लावला, "सुयोग कसो आसा?" आई खिडकीत उभी होती. ती म्हणाली, "सगळी खाली जमली हत. लाकूड हाडलेलां आसा. अक्षता अजून येवक नाय." लाकूड आणलंय, एवढंच राजेशच्या डोक्यात बसलं.

म्हणून राजेश गेटमधून आत आला तेव्हा त्याने काय पाहिलं ते ध्यानात घ्या. माणसं गोल करून माना खाली घालून उभी. मधे लाकूड. एक बाई डोळे पुसतेय. आणि रजिस्टर घेतलेला एक माणूस तायड्यांना विचारतोय, "पूर्ण नाव?"

"सुयोग धाकू घाडीगावकर."

"वय?"

"शेहेचाळीस असेल. काय वय आहे हो!" तायडे म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं, या वयात हे धंदे शोभतात का.

राजेशच्या हातातली पिशवी गळून पडली. तो दोन पावलं चालला, ओंडक्यावर बसला आणि तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडू लागला.

कुणाला काही कळेना. साहेब म्हणाले, "ओ भाऊ, उठा, मुद्देमालावर बसू नका."

जिन्यातून आधार कार्ड घेऊन धापा टाकत सुयोग आला तो गर्दी बाजूला सारत. "हे घ्या," तो म्हणाला आणि मग त्याला ओंडक्यावर बसलेला माणूस दिसला. "दादा?"

राजेशने वर पाहिलं. मग उठला, आणि सुयोगच्या पाठीत असा एक धपाटा घातला की आधार कार्ड भुशात पडलं. "मेल्या! जिवंत आसस तू?"

"म्हणजे काय? जिवंतच आसंय!"

"आणि ते सात ब्लॉक?"

"अर्थ रे! शब्दाचे अर्थ! श्रुतिकाच्या शाळेचे!"

"आणि कापतायत ता?"

सुयोगने ओंडक्याकडे बोट दाखवलं. राजेशने ओंडक्याकडे पाहिलं, चंद्रप्रकाशकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने आपली पिशवी उचलली. तिच्यातून एक जाड फाईल अर्धी बाहेर आली होती. "अनुभव असेल त्याने कळवावं म्हणालास ना," तो कोरड्या आवाजात म्हणाला. "म्हणून घेऊन आलो. माझे रिपोर्ट. काय खायचं, काय नाही. डॉक्टरचा नंबर. माझे दोन निघाले जानेवारीत. दोन स्टेंट बसवल्या."

साहेबांनी लिहिणं थांबवलं.

"जानेवारीत?" सुयोग म्हणाला. "आणि मला...?"

"तुला काय? पाच दिवस हॉस्पिटलात होतो. दार उघडलं की वाटायचं तू असशील. तू नाही आलास. मी मात्र आलो बघ, दुकान टाकून. हे ओंडके बघायला."

"अरे, पण मला सांगितलंच नाही कुणी!"

"आईला सांगितलं होतं ना! दुसऱ्याच दिवशी, पलंगावरून फोन केला. म्हटलं, आये, ऑपरेशन झालां, सुयोगाक सांग. बाकी कुणाला बोललो नाही. ती म्हणाली, 'बरां झाला. जप हां.'"

सुयोगने कपाळाला हात लावला. "दादा, आईला फोनवर ऐकूच येत नाही. दीड वर्षं झालं. समोर असलं की तोंडाकडे बघून ओळखते, फोनवर आपलं काहीतरी ठोकून देते. कानाचं मशीन आणलंय, घालत नाही. लग्नाकार्यात लोक काय म्हणतील म्हणते. मी तुला कळवलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. एकच टिक आली. एकच टिक येणार, तू ब्लॉक केलेलं."

दोघांनी एकदम वर पाहिलं. चौथ्या मजल्याच्या खिडकीत जानकी उभी होती. दोन्ही मुलगे एकत्र दिसल्याबरोबर तिचा चेहरा उजळला, आणि तिने वरून हात हलवून विचारलं, "जेवलास काय रे, राजेश?"

राजेशला हसू येत होतं की रडू ते सांगणं कठीण होतं. "नाय गे!" तो ओरडला.

"बरां झाला," जानकी म्हणाली, आणि आत गेली.

साहेबांनी घसा साफ केला. त्यांनाही घर होतं. पंचनामा सुरू केलेला असल्यामुळे तो पुरा करणं भाग आहे, असं त्यांनी जवळजवळ माफी मागितल्यासारखं सांगितलं. ओंडका जप्त. गाडी येईपर्यंत तो आहे तिथेच राहील, कुणी हलवायचा नाही. सुयोगने शुक्रवारी अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात येऊन लेखी जबाब द्यायचा. ओंडका तायड्यांच्या स्कूटरच्या बरोबर पुढ्यात होता. तायडे काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी राजेशकडे पाहिलं आणि स्कूटर आहे तिथेच राहू दिली.

राजेशला सुयोगने चार मजले चढू दिले नाहीत. पहिल्या मजल्यावर कंपोझिटरांकडे पाच मिनिटं बसवलं, तिसऱ्यावर कुणाची तरी खुर्ची मागून आणली. "अरे, डॉक्टरने चाल म्हणून सांगितलंय!" राजेश वैतागून म्हणत होता. "चाल म्हणालेत, चढ नाही," सुयोग म्हणत होता. अशा रीतीने भांडत ते पाऊण तासाने वर पोचले, तोवर अक्षताही आली होती, आणि जानकीने मिठाशिवायचं काय करायचं ते फाईल वाचून नाही, तर राजेशच्या तोंडाकडे बघून समजून घेतलं.

श्रुतिका शुक्रवारी सकाळी चार पानं घेऊन शाळेत गेली. शब्द कुठला घेतला ते तिने बाबांना सांगितलं नाही.

वॉर्ड ऑफिसात राजेशही आला. त्याची गरज नव्हती. "तू जबाब देणार, म्हणजे डच लोकांपासून सुरू करणार," तो म्हणाला. "कुणीतरी पाहिजे मधे थांबवायला." बाकावर जागा मिळाली तेव्हा अकरा वाजले होते. बारा वाजले. साहेब फील्डवर होते. दोघं काय बोलणार? दोन वर्षांत बोलायची सवय मोडली होती.

"ते ब्लॉक काढतात कसं रे?" राजेशने मोबाईल पुढे केला.

सुयोगने बघितलं. त्यालाही सापडेना. शेवटी शेजारी जन्माच्या दाखल्यासाठी बसलेल्या एका पोरीने फोन घेतला, तीनदा बोट लावलं आणि परत दिला.

"आता तू पाठवलेलं सगळं येईल?" राजेशने विचारलं.

"नाही. तेव्हाचं गेलं ते गेलं. माझ्याकडे आहे."

"दाखव."

सुयोगने जरा आढेवेढे घेतले. मग फोन दिला. राजेशने चष्मा लावला आणि वरपासून वाचायला लागला. दिवाळीच्या शुभेच्छा. श्रुतिका कॅरममध्ये दुसरी आली त्याचा फोटो. 'वहिनीला विचार, खोबऱ्याच्या वड्यांना पाक किती तारी घेते.' आईच्या कानांबद्दलचा मोठा मेसेज, डॉक्टरच्या नावासकट. एक चांगला सणसणीत, स्वतःला समजतोस कोण म्हणून, पंधरा ओळींचा. तो राजेशने दोनदा वाचला आणि मान डोलावली. मग पुन्हा दिवाळी. त्यानंतरचा मेसेज मार्चमधला होता. त्यात नुसतं 'दादा' एवढंच लिहिलेलं होतं, पुढे काही नाही. त्यापुढे एक टिक.

"हे काय? पुढचं लिहायचं राहिलं?"

"नाही," सुयोग म्हणाला. "तेवढंच होतं."

राजेशने चष्मा काढला आणि तो शर्टाच्या टोकाने पुसत बसला. बराच वेळ पुसत बसला.

आतून एक क्लार्क बाहेर आला. हातातल्या कागदाकडे बघत, कपाळाला आठ्या घालत त्याने हाळी दिली, "ओंडकावाले कोण आहेत?"

दोघंही उठले.